‘चलयांचें पुस्तक’ म्हणून बाजूला पडलेल्या पुस्तकाविषयी

गोव्यातल्या साखळीहून एका आईने पत्रातून विचारलं आहे. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. वाढदिवसाला आतेबहिणीने त्याला गोष्टीचं पुस्तक दिलं. मुखपृष्ठावर सायकल चालवणारी मुलगी. त्याने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि ‘म्हाका नाका, चलयांचें तें’ (मला नको, मुलींचं ते) म्हणून टेबलावर ठेवून दिलं. शेजारच्या ज्या मुलीबरोबर तो बालवाडीपासून दिवसदिवस खेळायचा, तिच्याशी जूनपासून बोलणंच बंद केलंय. ती अंगणात आली की हा आत जातो. थोरली मुलगी सहावीत आहे, तिला कसलंच वावडं नाही, हाती लागेल ते वाचते. आईचे प्रश्न तीन: हे वयाचं आहे का, आमचं काही चुकलं का, आणि ते पुस्तक त्याला आग्रहाने वाचायला लावावं का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे. लावू नका. पुस्तक परत करू नका, कपाटातही टाकू नका. आहे तिथे राहू दे.

फोंडा तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत मी २९ वर्षं शिकवलं. त्यातली वीसेक वर्षं शाळेच्या पुस्तकांची जबाबदारी माझ्याकडे होती. वाचनालय म्हणजे एक लोखंडी कपाट, दोन पत्र्याच्या ट्रंका आणि एक नोंदवही. शनिवारी शेवटची तासिका वाचनाची. मुलं रांगेने येत, पुस्तक उचलत, नोंदवहीत नाव लिहीत. तुमच्या मुलाचं ते वाक्य मी त्या रांगेत इतक्यांदा ऐकलंय की कुठला मुलगा कुठल्या पुस्तकाला ते म्हणेल, हे मला आधी कळू लागलं होतं. निदान मला तसं वाटायचं, एका चौथीतल्या मुलापर्यंत.

आडदांड मुलगा होता. लगोरीत त्याचा नेम चुकत नसे, वर्गातली निम्मी पोरं त्याच्या मागे फिरायची. एका शनिवारी त्याने असंच एक पुस्तक ट्रंकेत परत टाकलं, जरा मोठ्याने बोलून, मागच्या चौघांना ऐकू जाईल असं. पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत धो धो पाऊस आला. सगळी मुलं व्हरांड्यात पन्हळीखाली हात धरायला धावली. मी खडू आणायला वर्गात आले तर हा कपाटाशेजारी भिंतीला टेकून बसलेला. मांडीवर तेच पुस्तक. माझी चाहूल लागताच त्याने त्यावर परिसर अभ्यासाचं पुस्तक ठेवलं आणि मान खाली घातली. मी खडू घेतले आणि निघून गेले. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, वर्गात कुणी नाहीसं बघून तो टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘टीचर, ह्या पुस्तकाक कव्हर घालूं?’ मी खाकी कागद दिला. त्याने कडा नीट दुमडून, नखाने घड्या दाबून कव्हर घातलं, वर काहीच लिहिलं नाही, आणि पुस्तक दप्तरात सगळ्यात खाली ठेवलं.

तोवर मला वाटत होतं की मुलग्यांना मुलींच्या गोष्टी आवडत नाहीत, म्हणून त्यांना आवडेल असं दुसरं काही द्यावं. त्या कव्हरनंतर माझ्या लक्षात आलं की मी चुकीच्या ठिकाणी बघत होते. त्याला गोष्ट हवी होती. नको होतं ते पुस्तक हातात असताना कुणीतरी बघणं. तुमच्या मुलाने ते पुस्तक बाजूला ठेवलं तेव्हा खोलीत कोण कोण होतं, हे एकदा आठवून पाहा. वाढदिवस होता, म्हणजे मित्र असणार, मोठे चुलतभाऊ असणार. आठ वर्षांचा मुलगा त्या क्षणी पुस्तकाकडे बघत नव्हता, त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

आता वयाबद्दल. हो, वय आहे. एलिनॉर मॅकोबी आणि कॅरल जॅकलिन या दोघी संशोधकांनी अमेरिकेतल्या मुलांवर केलेला अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांची मुलं मुलग्यांनी मुलग्यांत, मुलींनी मुलींत असा वेळ मिश्र खेळाच्या सुमारे तिप्पट घालवत होती. साडेसहाव्या वर्षी तो अकरा पट झालेला होता. तेव्हा पहिली-दुसरीपासून घोळके वेगळे होऊ लागणं यात तुमच्या घरचं काही विशेष नाही. पण त्याच विषयावर बॅरी थॉर्न या समाजशास्त्रज्ञ बाईंनी शाळांच्या मैदानावर बसून केलेली निरीक्षणं (त्यांचं पुस्तक १९९३ सालचं) मला जास्त उपयोगी पडली. त्यांना दिसलं की शाळेत वेगवेगळी बसणारी मुलंमुली घराच्या आसपास, गल्लीत, एकमेकांबरोबर बऱ्यापैकी खेळतात. शाळेत बघणारे खूप असतात. चिडवायला तोंडं खूप असतात. आणि कोण कुणाला ‘आवडतं’ यावरून चिडवणं हेच त्या दोन घोळक्यांमधलं कुंपण राखतं.

ते चिडवणं आपल्याकडे कोण सुरू करतं? मुलं नव्हे. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी वाड्यावरची मुलं माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचं) सामान आणायला रानात जातात. दोघं जण कांगलां (रानफळं) घेऊन परत येतात, एक मुलगा आणि एक मुलगी, पायाला चिखल, हाताला ओरखडे, तोंडं फुललेली. ओसरीवर बसलेला कुणी काका हसून म्हणतो, ‘घोव-बायल आयलीं!’ (नवरा-बायको आली!) सगळे हसतात. काकाच्या मनात वाईट काही नसतं. मुलगी लाजून पळते, मुलगा लाल होतो, आणि पुढच्या वर्षी ती दोघं एकत्र रानात जात नाहीत. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे या चेष्टेला उत्तर नसतं. मैत्री म्हणजे काय ते त्याला माहीत असतं, नवरा-बायको म्हणजे काहीतरी मोठ्यांचं आणि लाज वाटायचं हेही त्याला माहीत असतं, आणि मोठी माणसं म्हणतायत की या दोन गोष्टी एकच. मग तो मैत्री सोडतो, कारण सोडण्यासारखी तेवढीच त्याच्या हातात असते. जूनपासून बोलणं बंद झालं असं तुम्ही लिहिलंय. मे महिन्यात घरी कोण पाहुणे होते, कुठलं लग्न होतं, कोण काय बोललं, याचा माग काढा. अशा बहुतेक गोष्टींत मला एक असं वाक्य सापडलेलं आहे, आणि बोलणाऱ्याला ते आठवतही नसतं.

म्हणजे तुमचं चुकलं का? तुमचं एकटीचं नाही. माझंही चुकलेलं आहे, ते सांगते. एका शाळेत वार्षिक बक्षीस समारंभाची पुस्तकं बांधायचं काम माझ्याकडे होतं. यादी वरून आली होती: मुलींना रांगोळी आणि पाककृतींची, मुलग्यांना विज्ञानाचे प्रयोग आणि शोधांच्या गोष्टींची. मी एका शब्दाने विचारलं नाही. कागद लावले, फिती बांधल्या, नावं घातली. विज्ञानात पहिल्या आलेल्या मुलीला रांगोळीचं पुस्तक मिळालं. चित्रकलेत पहिल्या आलेल्या मुलग्याला प्रयोगांचं. समारंभ संपल्यावर मी मागच्या बाजूला हात धुवायला गेले, तर ती दोघं पाण्याच्या टाकीमागे उभी. एकमेकांना पुस्तकं देत होती. भराभर, इकडेतिकडे बघत, काहीतरी चोरी केल्यासारखी. मला बघून मुलगी म्हणाली, ‘टीचर, घरी सांगू नका.’ तो मुलगा त्या पुस्तकातले ठिपके बोटाने मोजत होता. त्या दोघांनी एकमेकांना बरोबर ओळखलं होतं आणि मी, पाच वर्षं शिकवून, नव्हतं. पुढच्या वर्षापासून मी बक्षिसाची पुस्तकं मुलांना आधी निवडायला लावली.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट, जी तुम्ही सहज लिहिलीय. थोरली काहीही वाचते, तिला वावडं नाही. बरोबर. वर्गातही असंच असतं. फास्टर फेणे मुली आनंदाने वाचतात, कुणी हसत नाही. उलट ‘बघा, किती धीट पुस्तकं वाचते’ असं कौतुक होतं. तोच मुलगा मुलीची गोष्ट वाचायला लागला की घरातलं एखादं माणूस कपाळाला आठी घालतं. याचा अर्थ मुलं लावतात. मुलगी मुलग्यांचं वाचते तेव्हा ती एक पायरी चढली. मुलगा मुलींचं वाचतो तेव्हा तो एक पायरी उतरला. आठ वर्षांच्या मुलाने हा जिना कुणी न शिकवता पाठ केलेला असतो. म्हणून मी या प्रश्नाला फक्त मुलग्यांच्या वाचनाचा प्रश्न मानत नाही. ते पुस्तक टेबलावर पडलेलं तुमच्या मुलीनेही बघितलंय. तिने काय वाचलं त्यातून?

बाहेरच्या पुस्तकांच्या बाजारातही हा जिना पक्का आहे. हॅरी पॉटरचा पहिला भाग १९९७ साली लंडनमध्ये निघाला तेव्हा लेखिकेचं पहिलं नाव न छापता आद्याक्षरं छापली गेली, कारण बाईने लिहिलेलं मुलगे वाचणार नाहीत अशी प्रकाशकाला धास्ती होती. अमेरिकेत २०११ साली विसाव्या शतकातल्या ५,६१८ बालपुस्तकांची मोजदाद झाली: शीर्षकांत मुलगे किंवा पुरुष जवळजवळ दुप्पट. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ना. धों. ताम्हनकरांनी ‘गोट्या’ लिहिला आणि ‘चिंगी’ही लिहिली. गोट्यावर दूरदर्शनची मालिका झाली, आजही आजोबा लोक त्याचं नाव काढतात. चिंगी किती जणांना आठवते ते तुमच्या घरी विचारून बघा.

त्याच्याही आधीची, अगदी मांडीवरची गोष्ट बघा. चिमणीचं घर मेणाचं, कावळ्याचं घर शेणाचं. पावसात कावळा दार ठोठावतो आणि चिमणी आतून सांगते, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला तीट लावते. कावळ्याला बाळ आहे का, ते कुणी विचारत नाही. मराठीत प्राण्यांची लिंगं व्याकरणानेच ठरलेली: वाघ, सिंह, हत्ती, कोल्हा हे तो, चिमणी, खार, मुंगी, मैना या ती. मोठं, शूर, लबाड ते सगळं ‘तो’, लहानसं, कामसू, गोड ते ‘ती’. व्याकरण बदलायला मी सांगत नाही. पण पहिलीच्या वर्गात मी ती गोष्ट कधीकधी अशी सांगायचे की कावळा दाराबाहेर उभा आहे, चोचीत त्याचं स्वतःचं ओलं पिल्लू आहे, आणि चिमणीने न्हाणीत पाणी तापवून ठेवलेलं आहे. मुलं लगेच विचारायची, पिल्लाचं नाव काय? त्याला शाळेत घालणार का? एकाही मुलाने कधी ‘कावळा असं करत नाही’ म्हटलं नाही.

आणि मुलग्यांना बाईची गोष्ट रुचत नाही असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी जत्रेत रात्री दशावतारी काल्याला जाऊन मुलांकडे बघावं. पेडणे, सत्तरी, डिचोलीकडच्या देवळांत पहाटेपर्यंत चालतो तो. स्त्रीपार्टी करणारा पुरुष नऊवारी नेसून, अंबाडा घालून रंगमंचावर येतो, राणी म्हणून रानात हाकलली जाते, मूल हरवतं, ती रडते, आणि पुढच्या रांगेत चटईवर बसलेले आठ-दहा वर्षांचे मुलगे डोळे पुसत असतात. झोप उडालेली असते. त्यातला एकही जण म्हणत नाही की ही चलयांची गोष्ट आहे. मंगेशीच्या दीनानाथ मंगेशकरांनी स्त्रीभूमिका करून नाव मिळवलं ते याच मातीत. मग तिथे लाज का वाटत नाही? कारण तिथे आजोबा रडतायत, बाबा रडतायत, सगळा गाव बघतोय. बघणारे तेच आहेत, फक्त त्यांचं बघणं वेगळं आहे. मला तुम्हाला जे सांगायचंय ते एवढंच आहे: मुलाला बदलायला जाऊ नका, त्याच्याभोवतीच्या बघणाऱ्यांना बदला, किंवा थोडा वेळ त्यांना बाजूला करा.

ते कसं, ते सांगते.

माझा सगळ्यात चांगला प्रयोग त्या खाकी कव्हरातूनच निघाला. पुढच्या वर्षी मी चाळीस पुस्तकांना खाकी कागद घातला आणि वर शीर्षकाऐवजी गोष्टीची एक ओळ लिहायची ठरवली. पेन घेऊन बसले आणि अडले. मराठीत एक साधं वाक्य लिहा: ‘रानात हरवलेलं वासरू शोधायला जातो’, ‘जाते’. क्रियापदातच फुटतं सगळं. शेवटी क्रियापद टाळून लिहिलं: ‘रानात हरवलेलं वासरू, आणि वाटेत रात्र.’ ‘आजीच्या पेटीतलं जुनं पत्र.’ ‘बुडणाऱ्या होडीतली तीन माणसं.’ महिनाभर ती पेटी वर्गात ठेवली. मुलगे वासराच्या गोष्टीवर तुटून पडले. नायिका होती ती. परत देताना कुणी तक्रार केली नाही. एकाने फक्त सांगितलं की ती एकदम चुकीच्या झाडावर चढली, तो असता तर त्याने आधी खालचा ओढा बघितला असता. तो तिच्या जागी उभा राहून विचार करत होता. घरी तुम्ही सगळ्याच पुस्तकांना कव्हरं घाला, थोरलीच्याही. एकालाच घातलं तर त्याला कळेल.

दुसरं, मोठ्याने वाचून दाखवा. आठ वर्षांच्या मुलाला वाचता येतं म्हणून आपण वाचून दाखवणं बंद करतो, आणि तिथेच त्याचं जग त्याच्या मित्रांनी मान्य केलेल्या पुस्तकांपुरतं उरतं. ऐकताना हातात पुस्तक नसतं, मुखपृष्ठ नसतं, कुणी काय निवडलं हा प्रश्न नसतो. त्याला समोर बसवूनही वाचू नका. थोरलीला वाचून दाखवा आणि तो आसपास खेळत असू दे. तो ऐकतोय हे तुम्हाला त्याच्या गाडीचा आवाज थांबला की कळेल.

आणि शक्य असेल तर हे वाचन बाबांनी करावं. आईने मुलीची गोष्ट वाचली तर ते त्याला अपेक्षितच आहे. बाबांनी ओसरीवर बसून, संध्याकाळी, शेजाऱ्यांना दिसेल असं वाचलं, तर वर म्हटलेला जिना एका संध्याकाळीत डळमळतो. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात आई आणि बाबा दोघंही भाजी निवडताना दाखवले; चांगलं केलं, तसं चित्र असायलाच हवं. पण मूल पुस्तकातल्या बाबांपेक्षा घरातल्या बाबांकडे कितीतरी जास्त वेळ बघतं. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख केलेला नाही. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

काय वाचायचं म्हणाल तर ‘तोत्तोचान’पासून सुरुवात करा. तेत्सुको कुरोयानागी यांचं, चेतना सरदेशमुख गोसावी यांनी मराठीत आणलेलं. त्यात यासुआकी नावाचा पोलिओ झालेला मुलगा आहे, त्याने आयुष्यात झाड चढलेलं नाही. तोत्तोचान त्याला आपल्या झाडावर बोलावते आणि ओढून, ढकलून, शिडी लावून वर चढवते. ती हे घरी सांगत नाही; त्याच्या घरी जाते असं आईला सांगून निघते. दोघंच, शाळेला सुट्टी, कुणी बघणारं नाही. मी हे प्रकरण जितक्यांदा वाचलं तितक्यांदा वर्गात मुलगे पुढे सरकून बसले. मैत्री कशी दिसते ते मुलांना समजावून सांगावं लागत नाही, एकदा दाखवावी लागते.

पुस्तकांची मांडणी हा भाग लवकर आटोपते: घरात ‘याची’ आणि ‘तिची’ अशा दोन फळ्या करू नका. प्राणी, प्रवास, भुतं, अवकाश, हसवणारी, अशी करा. आमच्या शाळेत अवकाशाच्या पुस्तकांवर मुलग्यांची मक्तेदारी होती. तिथे मी त्यांना सांगितलं की १९७७ साली सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे, आणि त्या तबकडीवर भैरवीतली ‘जात कहाँ हो’ गाणारा जो आवाज आहे तो आपल्या तालुक्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचा. वर्गात केरीहून येणारी दोन मुलं होती. त्यांच्याकडे सगळे असे वळून बघायला लागले जणू तीच यानातून उतरली आहेत. त्यानंतर केसरबाईंबद्दलची माहिती फळ्यावरून उतरवून घेणाऱ्यांत मुलगे जास्त होते.

आणि कधीतरी त्याला एकट्याला पणजीला घेऊन जा. पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ साली सुरू झालेलं, देशातल्या सगळ्यात जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, आणि तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे. पण मी ते सुचवते ते मुख्यतः यासाठी की तिथे त्याला कुणी ओळखत नाही. गावच्या वाचनालयात प्रत्येक मुलाला माहीत असतं की कोपऱ्यातला मोठा मुलगा बघतोय. तिथे त्याला तासभर मोकळा सोडा, तुम्ही लांब बसा, आणि तो काय उचलतो त्याकडे बघू नका. बसमध्येही विचारू नका.

थोरलीबद्दल थोडंसं. ती सगळं वाचते म्हणून ती या सगळ्यातून सुटली असं समजू नका. अमेरिकेतलाच २०१७ सालचा एक अभ्यास आहे. ‘खूप खूप हुशार’ माणूस म्हणजे कोण, असं मुलांना विचारलं. पाच वर्षांच्या मुली आपल्यातली बाई दाखवत होत्या, मुलगे आपल्यातला पुरुष. सहा-सात वर्षांच्या मुलींनी स्वतःच्या बाजूला तसं बोट दाखवणं कमी केलं होतं, आणि ‘हा खेळ खूप हुशार मुलांसाठी आहे’ असं सांगितलं की त्यांना तो खेळायची इच्छाही कमी व्हायची. तुमची मुलगी शूर मुलग्यांची पुस्तकं आवडीने वाचते हे उत्तमच. पण ती वाचताना नायक कुणाला धरते, आणि तिच्या मनात त्या गोष्टीत मुलगी कुठे उभी असते, हे तिच्याशी गप्पा मारताना बघा. म्हापशात १९५५ साली सत्याग्रह करून तुरुंगात गेलेल्या सुधाताई जोशी, गोव्याच्या मुख्यमंत्री झालेल्या शशिकलाताई काकोडकर, ही नावं शाळेत एका ओळीत येऊन जातात. ती दोघांनाही सांगा, आणि मुलीसाठी म्हणून वेगळी काढून सांगू नका.

आता मैत्रीबद्दल, आणि हे मी शेवटी ठेवलंय कारण यात घाई करून चालत नाही. ‘तिच्याशी बोल, ती काय तुला खाते का’ असं त्याला चारचौघांत म्हणू नका. ते त्या काकाच्या वाक्याचंच दुसरं टोक आहे. दोघांना समोरासमोर बसवून मैत्री जुळत नाही. दोघांचे हात लागतील असं काम असलं की जुळते. चवथ जवळ आहे. माटोळी बांधायला खाली उभं राहून देणारं एक मूल लागतं आणि वर चढलेल्याला सांगणारं एक. मुद्दाम जुळवलंय असं दिसू देऊ नका, चार मुलं बोलवा, त्यात ती दोघं असू देत. आणि त्या दिवशी घरातल्या सगळ्या मोठ्यांना, नाव घेऊन, आधी बजावून ठेवा की नवरा-बायकोची चेष्टा या घरात होणार नाही. कुणी रागावलं तर रागावू दे. कदाचित तरीही तो तिच्याशी पूर्वीसारखा बोलणार नाही. नववीत-दहावीत जाऊन पुन्हा मैत्री झालेल्या जोड्या मी पाहिल्यात; त्यांच्यात समान असं एकच होतं, की मधल्या वर्षांत त्यांच्या घरच्यांनी येणंजाणं तोडलं नव्हतं.

तुमच्या पत्रात त्या शेजारच्या मुलीबद्दल एकच ओळ आहे: ती अंगणात आली की हा आत जातो. ती मला पुन्हापुन्हा आठवते. बालवाडीपासूनचा सवंगडी एके दिवशी उठून आत जायला लागला, आणि तिला कुणीही कारण सांगितलेलं नाही. आठ वर्षांच्या मुलीला अशा वेळी एकच उत्तर सुचतं, की आपलंच काहीतरी चुकलं. तिच्या आईशी बोला, या आठवड्यात. आणि वाढदिवसाचं ते पुस्तक तिला वाचायला द्या. त्याच्या वतीने देताय असं म्हणू नका, खोटं बोलणं होईल, तुमच्याकडून द्या. वाचून झालं की परत द्यायला ती स्वतः येईल. तेव्हा घरात पाहुणे नसतील एवढं बघा.